पद्मिनी पळतेय ती एकमेकांच्या जीवावर

संपादक साहेब, मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, हळहळले, पण घरगुती पद्मिन्या अजून पळतायत त्यांचं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, शोरूमवाले तर बोनेट उघडायला पण तयार नसतात (लॅपटॉप कुठे जोडायचा हाच प्रश्न!), मग आम्ही जुन्या गाड्यांवाले रविवारी कोणाच्या तरी सोसायटीत जमतो आणि एकमेकांच्या गाड्या खोलतो. कोणाकडे कार्ब्युरेटरचं (इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) किट असतं, कोणाचा हात पॉइंटचा गॅप (ठिणगी पाडणाऱ्या स्विचमधली फट) सेट करण्यात बसलेला, स्टिअरिंगवरचा गिअर अडकायला लागला की लिंकेजचे बुश (गिअरच्या दांड्यांच्या सांध्यातले झिजणारे तुकडे) बदलायला एक रिटायर्ड काका हमखास येतात, मजुरी म्हणजे चहा-वडापाव. उन्हाळ्यात घाटात इंजिनावरचा, टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप तापून गाडी बंद पडली की त्यावर ओलं फडकं टाकायचं हे पण असंच एकाकडून दुसऱ्याकडे आलेलं, मॅन्युअलमधून नाही.

सरकारी नियमात ५० वर्षांपुढची गाडीच व्हिंटेज, म्हणजे १९८५ची पद्मिनी धड जुनीही नाही न् नवीही नाही. ते बदलेल तेव्हा बदलेल, पण निदान आयटीआयवाल्यांनी ह्या म्हाताऱ्या मेकॅनिकना महिन्यातून एखादा रविवार वर्कशॉप उघडून द्यावं, पोरं पण शिकतील, कार्ब्युरेटर ट्यूनिंग आता येतंय किती जणांना?

– एक पद्मिनीवाला, ठाणे