लुत्रोला एक रात्र तरी थांब

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

तुझा ग्रीसच्या क्रीट बेटाचा बेत वाचला. समारियाची १६ किलोमीटरची घळ उतरायची, आगिया रुमेलीला समुद्रात डुंबायचं आणि त्याच संध्याकाळच्या बोटीने खोरा स्फाकियोन गाठून बस पकडायची. बहुतेक प्रवासी असंच करतात. माझा आग्रह एवढाच, की ती बोट वाटेत लुत्रोला लागते, तिथे उतर आणि रात्री तिथेच राहा.

गाव अगदी लहान आहे. खाडीच्या कडेने पांढऱ्या घरांची एक ओळ, निळी दारं-खिडक्या, आणि मागे सरळ उभा डोंगर. मोटारीचा रस्ता आजही नाही. बोटीने यायचं, नाहीतर पायी. लेफ्का ओरीच्या रांगेतलं पाखनेस शिखर २४५३ मीटर उंच आहे आणि ती सगळी उंची काही मैलांत समुद्राला येऊन भिडते, मग रस्ता काढायला जागा उरतेच कुठे?

मी जन्मभर जहाजावर काम केलं, म्हणून माझी नजर आधी घरांवर जात नाही, वाऱ्यावर जाते. इथे एक भूशिर समुद्रात घुसलं आहे. त्याच्या पूर्वेला लुत्रो आणि पश्चिमेला जुन्या फिनिक्स बंदराची खाडी. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात जहाज निर्धास्त उभं करावं अशा जागा फार थोड्या आहेत, त्यांतली ही एक. या गावाचा सगळा इतिहास त्या आसऱ्यातून निघाला आहे. आणि त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग इथे न पोचलेल्या जहाजाचा आहे.

इ.स. ६०च्या आसपासची गोष्ट. अलेक्झांड्रियाचं गव्हाने भरलेलं जहाज इटलीला निघालं होतं. त्यावर २७६ माणसं होती आणि त्यांत रोमला कैदी म्हणून नेला जात असलेला ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पौल. आपल्याकडे दर्या पावसाळ्यात बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला उघडतो. भूमध्य समुद्रात तेव्हा उलट होतं, शरद सरत आला की शिडं उतरवायची. जहाज पूर्वेकडच्या काली लिमेनेस बंदरात होतं. पौल म्हणाला, पुढे जाऊ नका. पण ते बंदर हिवाळा काढायला सोयीचं नव्हतं, म्हणून तांडेल आणि मालक म्हणाले, फिनिक्स गाठू, तिथे थांबू. कैद्यांवरच्या रोमन अधिकाऱ्याने त्यांचं ऐकलं. दक्षिणेचा मंद वारा सुटला, नांगर उचलला, आणि थोड्याच वेळात बेटाच्या डोंगरांवरून ईशान्येचं वादळ कोसळलं. बायबलमधलं हे वर्णन मी दर्यावर्दीच्या डोळ्यांनी वाचतो. गावदोस बेटाच्या आडोशाला त्यांनी मागची होडी कशीबशी वर ओढून घेतली, जहाज फुटू नये म्हणून खालून दोरखंडांनी आवळलं, मग मालही समुद्रात टाकला. चौदाव्या रात्री जमिनीची चाहूल लागली. जहाज माल्टाला फुटलं, माणसं मात्र सगळी वाचली.

त्यांना गाठायची होती ती खाडी तू सकाळी भूशिर ओलांडून बघ. मात्र किनारा आता तसाच नाही. ३६५ सालच्या भूकंपात पश्चिम क्रीटची जमीन वर आली, काही ठिकाणी तर ९ मीटरपर्यंत. या किनाऱ्यावरच्या कड्यांवर पाण्याच्या जुन्या पातळीची आडवी रेघ दिसते, बोटीतून लक्ष ठेव.

तिथून डोंगरावरच्या आनोपोली गावाची चढण चढ. नागमोडी पायवाट आहे, सुमारे ६०० मीटर चढ, म्हणून उन्हं व्हायच्या आत नीघ. वर गेल्यावर हवा स्वच्छ असेल तर दूर गावदोस दिसतं. आनोपोलीच्या चौकात दास्कालोयानिसचा पुतळा आहे. हा इथला श्रीमंत जहाजमालक. १७७० साली रशियाचं आरमार मदतीला येईल या भरवशावर त्याने ऑटोमन तुर्कांच्या सत्तेविरुद्ध उठाव केला. आरमार क्रीटला आलंच नाही. स्फाकिया म्हणजे या सगळ्या डोंगराळ मुलखातली गावं जळाली, तो शरण गेला आणि १७७१ साली हेराक्लियोनमध्ये त्याला जिवंत सोलून मारण्यात आलं. एवढं होऊनही हे लोक १८२१ला पुन्हा उठले, आणि तेव्हा उठावाचा कारभार लुत्रोमधूनच चालला. त्या पुतळ्यापुढे मला नुसतं उभं राहवेना, मी टोपी काढली.

पुढे १९४१च्या मे महिन्यात जर्मनांनी क्रीट घेतलं तेव्हा शेजारच्या खोरा स्फाकियोनहून ब्रिटिश आरमाराने रात्री-रात्री येऊन १०,०००हून अधिक सैनिक सोडवले. १ जूनच्या पहाटे शेवटची जहाजं गेली आणि हजारो माणसं किनाऱ्यावर राहिली. त्यांतल्या कित्येकांना डोंगरातल्या लोकांनी जीव धोक्यात घालून लपवलं, जेवू घातलं.

परतताना बोट घेऊ नकोस, खोरा स्फाकियोनला चालत जा. दोन-अडीच तास लागतात. वाटेत ग्लिका नेराचा किनारा लागतो. तिथे गोटे बाजूला करून थोडं खणलं की गोडं, बर्फगार पाणी वर येतं, लाटांपासून चार पावलांवर. डोंगरावरचं पाऊसपाणी आणि वितळलेलं बर्फ चुनखडीतून झिरपत तिथे निघतं. कड्यालगतची वाट अरुंद आहे, बूट चांगले घाल, पाणी भरपूर घे.

जेवणात ‘स्फाकियानी पिता’ ही इथली पोळी मागव. मिझिथ्रा चीज भरून पातळ लाटतात, तव्यावर भाजतात आणि वरून मध घालतात. तुझी आई अजून तिची आठवण काढते.

आणि एक, परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेव. वारा चढला की बोटी सुटत नाहीत, तेव्हा कुणाशी हुज्जत घालू नकोस, नावाड्याचं ऐक. खानियाच्या विमानतळाला दास्कालोयानिसचंच नाव दिलं आहे. तिथे पोचलीस की फोन कर.

तुझे,
बाबा