बागेची किल्ली देणाऱ्या बाईंना

सातारा, श्रावण

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

तुम्ही लेकीकडे नागपूरला गेलात त्याला आता तीन महिने होत आले. निघताना तुम्ही फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि मी आभाराचे दोन शब्द बोलू लागले तेव्हा "झाडांना पाणी घाल, तेवढे पुरे" असे म्हणून विषय संपवलात. पाणी तर मी घालतेच आहे. परंतु जे त्या दिवशी बोलायचे राहून गेले ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की माझ्यासारखी नोकरी सांभाळून कॅमेरा हाती घेतलेली, फुलांचे फोटो काढण्याची आवड असलेली माणसे आपल्या गावात पुष्कळ आहेत आणि तुम्ही मला जे दिलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर तुम्हांला आठवत असेल. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला कॅमेरा गळ्यात अडकवून मी पहिल्यांदाच हौसेने कासला गेले होते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले ते पठार आपल्यापासून अवघ्या पंचवीस किलोमीटरवर, आणि तरी मी ते फुलांच्या दिवसांत कधी नीट पाहिले नव्हते. दिवसभरात चारशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा गुलाबी तेरड्याचे पट्टे तेवढे ओळखू आले. बाकी सगळे रंगांचे पुसट डाग होते. सीतेची आसवे हे नखाएवढे निळे-जांभळे फूल मी किमान तीस वेळा टिपले होते आणि तिसांतले एकही नीट उतरले नव्हते. तरीही फुलांची नावे विचारण्यासाठी मी ते सारे तुमच्याकडे घेऊन आले, कारण तुम्ही महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतात एवढेच मला ठाऊक होते.

तुम्ही एकेक फोटो शांतपणे पाहिलात आणि विचारलेत, "अगं, यात पाने कुठे आहेत?" पुढे विचारलेत, की फूल देठाला कसे जोडलेले आहे, त्याच्या मागच्या बाजूला काय आहे, पान समोरासमोर येते की एकाआड एक. माझ्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी केवळ रंग पाहून बटण दाबले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात की कास पुढच्या वर्षीही तिथेच असेल, तोवर माझ्या अंगणातले जास्वंद नीट काढून दाखव, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला तुमचे फाटक माझ्यासाठी उघडे राहू लागले.

जास्वंद मी सोपे समजत होते. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला ब्लेडने उभे कापून त्याची आकृती काढलेली, गणपतीला रोज वाहिलेले, इतके ओळखीचे फूल. मोठे, स्वस्थ उभे राहणारे, भडक तांबडे. मी पहिल्याच सकाळी काढलेला फोटो मला फार आवडला होता. तुम्ही तो पाहिलात, मग मला फुलाजवळ नेऊन एक पाकळी बोटांवर हलकेच धरलीत आणि विचारलेत, "या शिरा तुझ्या फोटोत कुठे गेल्या?" पाकळीवर देठापासून काठापर्यंत पसरत गेलेल्या बारीक शिरांचे जाळे, मखमलीसारखा पोत, तळाशी गडद होत जाणारा रंग, हे सारे डोळ्यांसमोर होते आणि माझ्या फोटोत मात्र तांबड्या रंगाचा एक सपाट ठिपका होता.

त्या एका प्रश्नाने मला आठवडाभर कामाला लावले. कॅमेऱ्याचे कारण तुम्ही सांगू शकणार नव्हता, ते मला शोधायचे होते. पण काय हरवले आहे ते तुम्ही दाखवले नसते तर शोधावे असे मला वाटलेच नसते. कारण पुढे सापडले ते असे. कॅमेऱ्याच्या संवेदकावर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्या बसवलेल्या असतात. तांबड्या जास्वंदावरून येणारा जवळजवळ सगळा प्रकाश तांबड्या गाळणीतूनच आत जातो, त्यामुळे प्रकाशमापक सरासरी काढून सगळे ठीक असल्याचे सांगत असतानाच तांबड्याचे माप काठोकाठ भरून सांडलेले असते, आणि जे सांडले त्यात शिरा असतात. उपाय साधा निघाला: एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, पाऊण ते एक घर (स्टॉप) खाली आणायचे आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतला प्रकाश दाखवणाऱ्या आलेखात, तिन्ही रंग वेगवेगळे पाहून तांबड्याची रेघ उजव्या भिंतीला टेकत नाही याची खात्री करायची. फोटो पडद्यावर थोडा काळवंडलेला दिसतो, पण शिरा परत येतात. पांढऱ्या तगरीचे याच्या उलट. समोरचे सारे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेरा चालतो, म्हणून शुभ्र तगर मळकट येते आणि तिथे एक्स्पोजर वर न्यावे लागते.

या जास्वंदाच्याच बाबतीत तुम्ही केलेली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. गल्लीतली मंडळी पहाटे पूजेसाठी तुमच्याकडची फुले नेतात, आणि तुम्ही कधीही कोणाला नाही म्हटले नाहीत. मी सव्वासहाला पोहोचेपर्यंत चांगली फुले गेलेली असायची. चौथ्या की पाचव्या दिवशी पाहते तर एका फांदीला पांढऱ्या दोऱ्याची सैल गाठ मारलेली होती आणि तिच्या टोकाचे टपोरे फूल जागेवर होते. दोरा बांधलेली फांदी माझ्यासाठी राखलेली, हे तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवले होतेत. मला मात्र त्याविषयी तुम्ही एका शब्दाने बोलला नव्हता. जास्वंदाचे फूल एकाच दिवसाचे असते, संध्याकाळी ते मिटून जाते, म्हणजे तो दोरा तुम्हाला दररोज आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी कळी ओळखून नव्या फांदीला बांधावा लागत होता. बाई, सगळा पावसाळा तुम्ही हे केलेत.

मग बोगनवेल. फाटकावरची ती गर्द राणी रंगाची वेल मी कितीदा टिपली होती याची मोजदाद नाही. तुम्ही विचारलेत, "छान आहे, पण फूल कुठे आहे?" मी रंगीत पाकळ्यांकडे बोट दाखवले आणि तुम्ही एक झुबका माझ्या डोळ्यांजवळ आणलात. ज्यांना मी पाकळ्या समजत होते ती रंगीत पाने होती, ज्यांना तुम्ही छद म्हणालात. आणि त्या तीन छदांच्या आत, प्रत्येकाच्या मधल्या शिरेला टेकून, काडीसारखी एकेक बारीक नळी उभी होती. तिघींपैकी एकीचेच तोंड उघडले होते: साईच्या रंगाची, चुणीदार काठाची इवलीशी चांदणी. तेच फूल. पंचेचाळीस वर्षे मी बोगनवेलीखालून जात होते आणि बोगनवेलीचे फूल मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी याच कुळातली, आणि तिलाही खऱ्या पाकळ्या नसतात, हे तुम्ही जाता जाता सांगितलेत.

त्या चांदणीचा फोटो काढायला मला अडीच महिने लागले. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स तेवढ्या जवळ जात नव्हती आणि खास मॅक्रो लेन्स घेणे परवडणारे नव्हते. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिच्यामागे २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे आत काच नसलेले नुसते पोकळ कडे, एवढ्यावर मी वस्तूच्या निम्म्या आकाराच्या प्रतिमेपर्यंत पोहोचले. पण इतक्या जवळून लेन्सचे छिद्र एफ ८ इतके बारीक ठेवूनदेखील जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. चांदणीवर फोकस केला की छदांच्या शिरा विरघळायच्या, शिरांवर केला की चांदणी विरघळायची. ॲपर्चर, म्हणजे ते छिद्र, आणखी बारीक केले की शटर मंदावायचे, आणि मंद शटरला झुळूकही पुरत असे. सकाळी आठनंतर अजिंक्यताऱ्याकडून जरा वारा सुटला की माझे काम संपले.

याच धडपडीत माझ्या हातून अनंताची फांदी मोडली. कळी उजेडाकडे वळवावी म्हणून मी ती ओढली आणि कट् असा आवाज झाला. तुम्ही ओट्यावरच बसलेल्या होतात. तुम्ही काहीही बोलला नाहीत. उठून ती फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवलीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी तीन वस्तू तयार होत्या: बांबूची एक काठी, कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे आणि बटर पेपरचा एक मोठा ताव. काठी मातीत रोवायची, एका चिमट्याने देठ तिला अलगद टेकवून धरायचा म्हणजे हलत नाही, दुसऱ्याने बटर पेपर वरच्या फांदीला लावायचा म्हणजे उन्हाचा कडकपणा गळून मऊ उजेड फुलावर उतरतो. आणि कोन बदलायचा असेल तर आपण गुडघे टेकून खाली बसायचे, फुलाला हात लावायचा नाही. आजही माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या वस्तू त्याच आहेत. पुढे एकदा दवबिंदू दिसावेत म्हणून मी फवारणीची बाटली आणली, तेव्हा पाण्याने परागकण धुऊन जातात आणि मग फोटोत जे दिसते ते फुलाचे खरे रूप राहत नाही, असे तुम्ही सांगितलेत. ती बाटली मी पुन्हा आणली नाही.

गेल्या जुलैतल्या ब्रह्मकमळाच्या रात्रीविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. खाली लोंबणारी कळी मान वर करू लागली की दोन दिवसांत फूल येणार, हे तुम्हाला माहीत होते आणि म्हणून तुम्ही मला आदल्या दिवशीच निरोप धाडलात. संध्याकाळी सात वाजता ट्रायपॉड लावला, टॉर्चवर बटर पेपर गुंडाळला आणि दर वीस मिनिटांनी एक याप्रमाणे मध्यरात्रीपर्यंत फोटो काढले. साडेदहाच्या सुमारास गल्लीतले सगळे दर्शनाला आले, कोणी हळद-कुंकू आणले. त्यांच्या श्रद्धेला यत्किंचितही धक्का न लावता तुम्ही मुलांना समजावलेत की हे हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. ते सूर्यफुलाच्या कुळातले, आणि हे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडून आलेले निवडुंगाच्या कुळातले. ज्याला आपण पान म्हणतो ते याचे चपटे झालेले खोड आहे. मग प्रत्येक मुलाला कॅमेऱ्यातून एकदा पाहू द्यायला सांगितलेत. पहाटे ते फूल मान टाकून लोंबत होते, आणि तुमच्या सांगण्यावरून मी त्याचाही फोटो काढला. सोळा फोटोंच्या त्या मालिकेत मला स्वतःला तोच शेवटचा सगळ्यांत जास्त आवडतो.

तुम्ही कॅमेरा कधीही हातात घेतला नाहीत. प्रश्न विचारलेत, आणि उत्तर शोधायला बाग दिलीत. यासाठी मी तुमची अतिशय ऋणी आहे.

बारा फोटो छापून घेतले आहेत आणि उद्याच्या टपालाने ते तुमच्याकडे निघतील. प्रत्येकाच्या मागे नाव, तारीख आणि वेळ लिहिली आहे. बोगनवेलीची चांदणी सर्वांत वर ठेवली आहे. वेगळ्या पाकिटात आणखी पाच फोटो आहेत, त्यांच्यामागे नाव नाही. विहिरीच्या कठड्याला लागून या पावसात एक गुडघाभर उंचीचे झुडूप आपोआप आले आहे. फूल फिकट पिवळे, पाच पाकळ्यांचे, साधारण नऊ वाजता उमलते आणि दुपारच्या आत मिटते. पाने एकाआड एक आहेत, कडा करवतीसारखी. पुंकेसर जास्वंदासारखेच एका नळीत जुळलेले दिसतात, त्यामुळे ते त्याच कुळातले असावे असे मला वाटते. परंतु जास्वंदाच्या निदलपुंजाखाली, म्हणजे पाकळ्यांखालच्या हिरव्या वाटीखाली, हिरव्या पात्यांचा जो आणखी एक वेढा असतो तो मात्र याला नाही. समोरून, बाजूने, मागून आणि पानाच्या दोन्ही बाजू, असे सगळे काढले आहे, शेजारी पट्टी ठेवून. कृपया नाव कळवावे. तोवर मी ते उपटू दिलेले नाही. त्याच्या एका फांदीला पांढरा दोरा बांधून ठेवला आहे.

आपली नम्र,
मागच्या गल्लीतली, पोस्टात काम करणारी