'डॉलरची नोकरी' म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेवरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून जात नव्हता, म्हणून आज कामं बाजूला ठेवून लिहायला बसले. लेखकांनी संयुक्त राष्ट्रांवर हवी तेवढी टीका करावी. सुरक्षा परिषदेत पाच देशांनी नकाराधिकार धरून बसायचं आणि चिखलात उभी राहायला माणसं आपल्यासारख्यांनी पाठवायची, हे मलाही पटत नाही. पण 'शांतिसेना म्हणजे जवानांना डॉलरची आरामाची नोकरी' हे वाक्य छापण्याआधी अशा एखाद्या घरात विचारायला हवं होतं. दापोली, खेड, मंडणगडकडे अशी घरं शोधत फिरावं लागत नाही.

माझा मुलगा सैन्यात नर्सिंग असिस्टंट आहे. २०२२ साली तो कांगोत, गोमा इथल्या आपल्या लष्करी रुग्णालयात होता. त्या जुलैत तिथले लोक शांतिसेनेविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांचा राग मला कळतो. १९९९ पासून संयुक्त राष्ट्रांची माणसं तिथे आहेत, तरी सशस्त्र टोळ्यांचा हैदोस थांबत नाही, मग लोक विचारणारच की तुम्ही इथे कशाला? २५ तारखेला गोम्यात जमाव तळात घुसला. २६ ला बुटेम्बो इथे सीमा सुरक्षा दलाचे आपले दोघं आणि मोरोक्कोचा एक, असे तिघं मारले गेले.

आमच्याकडे तेव्हा लावणी चालू होती. मी खालच्या खाचरात, हातात रोपाची मूठ. शेजारचा मुलगा बांधावरून ओरडत आला, "काकी, कांगोत आपले दोन गेले, टीव्हीवर दाखवतायत." नावं काय, विचारलं. नावं नाही सांगत म्हणाला. घरी पोचेपर्यंत लाईट गेली होती. आमच्या वाडीत लाईट गेली की तासाभरात मोबाईलचा टॉवरही बंद पडतो. पायाचा चिखल तसाच घेऊन पाखाडी चढले आणि सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर गेले, कारण तिथे पलीकडच्या गावची रेंज कधीमधी मिळते. फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, वर छत्री, आणि सड्यावरचा वारा छत्री टिकू देत नव्हता. एक काडी दिसायची आणि जायची. काळोख पडल्यावर मेसेज आला, "आई मी बरा आहे. काम आहे. नंतर बोलतो." मी तिथेच जांभ्यावर बसले. हायसं वाटलं आणि त्या वाटण्याची लगेच लाजही वाटली. दुसऱ्या दोन घरांत असा मेसेज येणार नव्हता.

सुट्टीवर आला तेव्हा तो फार बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, सीमेवर समोर कोण आहे ते माहीत असतं. तिथे सकाळी ज्याच्या पोराला मलमपट्टी केली, तोच दुपारी गेटवर दगड घेऊन उभा असतो. बंदूक हातात असते, पण चालवायची नसते. आणि त्याचंही काही चूक नसतं." याला आराम म्हणायचं का, हे लेखकांनी मला सांगावं.

आता डॉलरचं. संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये शांतिसेनेत पाठवलेल्या सैनिकांसाठी माणशी महिना १,४४८ डॉलर हा दर ठरवला. ते पैसे जवानाच्या खिशात पडत नाहीत, त्याच्या सरकारला मिळतात, आणि मोठे देश वर्गणी थकवतात म्हणून तेही उशिरा येतात. जवानाला भत्ता मिळतो, मी नाही म्हणत नाही. त्यातून आम्ही निसर्ग वादळात उडालेल्या पडवीवर पत्रे टाकले.

दुसऱ्यांच्या भांडणात आपण कशाला, असंही लेखात आहे. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया १९६१ मध्ये कांगोतच पडले. शांतिसेनेत लढून परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. २००० साली सिएरा लिओनमध्ये कैलाहूनला आपले दोनशेहून अधिक जवान अडीच महिने बंडखोरांच्या वेढ्यात होते. शेवटी 'ऑपरेशन खुकरी' करून त्यांना बाहेर काढावं लागलं. आजवर आपले जवळजवळ १८० जण या कामात गेले, इतके दुसऱ्या कुठल्याच देशाचे गेलेले नाहीत. आपण जावं की नाही यावर वाद जरूर करा. पण गेलेल्यांना पैशासाठी गेले म्हणू नका. सैनिक स्वतः मोहीम निवडत नाही, त्याला हुकूम येतो आणि तो बॅग भरतो.

आणखी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. बुटेम्बोच्या त्या दोघांची बातमी तेव्हा मी तुमच्या अंकात शोधली होती. आतल्या पानावर खाली चार ओळी होत्या आणि नावं नव्हती. मला ती हवी होती, देवापुढे दिवा लावताना घ्यायला.

आमच्या टॉवरला बॅटऱ्या बसवा म्हणून ग्रामपंचायतीने दोनदा अर्ज दिला आहे. पावसाळ्यात दरवर्षी तेच होतं. त्याविषयी तुमच्या पानात दोन ओळी आल्या तर उपकार होतील. वाडीतला एक मुलगा सध्या दक्षिण सुदानमध्ये आहे. परवा रात्री लाईट गेली तेव्हा त्याची आई टॉर्च घेऊन सड्याकडे निघाली होती. मी तिच्याबरोबर गेले.

आपली वाचक,
एका जवानाची आई
(ता. दापोली, जि. रत्नागिरी)