खडकांवर वेडेलिया नको

महोदय,

उद्यानांतल्या दगडी उतारांवर सर्रास वेडेलिया लावतात. पिवळी फुलं, झटपट पसरणारी, कंत्राटदाराला सोयीची! पण मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. खोडाचं प्रत्येक पेर मातीला टेकलं की मूळ धरतं. उपटलेला तुकडा नाल्यात गेला, तर तिथंही फोफावतो.

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मी खडकांच्या खाचांत विष्णुक्रांत लावली आहे. जमिनीलगत पसरते, नखाएवढी निळी फुलं येतात, पानांवर रेशमी लव असते. ती इथलीच, बहुवर्षायू. कोरड्या, मुरमाड जागेत मजेत राहते. मातीत निम्मी बारीक खडी मिसळावी, नाहीतर आपल्या पावसात मुळं कुजतात. ऑफिस टाइम हे फुलझाडही तसंच मरतं, आणि दोष मात्र रोपवाटिकेला! खालच्या ओलसर कडेला जलपिंपळी लावावी. ती खारवट मातीही सोसते, आणि तिच्या इवल्या फुलांवर फुलपाखरं येतात.

नव्या उद्यानांच्या निविदांमध्ये झाडांच्या यादीतून वेडेलिया वगळावी आणि देशी रोपं नावानिशी लिहावीत.

– एक ज्येष्ठ नागरिक, नेरूळ, नवी मुंबई