प्रादेशिक सेना म्हणजे होमगार्ड नव्हे

महोदय,

कोकणात प्रादेशिक सेनेला सर्रास होमगार्ड समजतात, हे खटकते. १९४८च्या कायद्याने उभी राहिलेली ही लष्कराचीच राखीव फळी. तिची कोल्हापूरची १०९ पायदळ बटालियन मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटची. युद्धगर्जनाही तीच, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’ माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे याच रेजिमेंटचे. १० जुलै १९४४ला इटलीत टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) रिकामी झाल्यावर त्यांनी तीच उलटी धरून शत्रूच्या मशीनगनवरच्या उरलेल्या दोघांना लोळवले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. पोरांना हे शाळेतच सांगायला हवे!

प्रादेशिक सेनेच्या भरतीला जाणाऱ्यांनी पळण्याच्या सरावाइतकेच कागदांकडे पाहावे. आधारवर एक नाव नि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल, तर जाहिरातीची वाट न बघता दुरुस्ती करून घ्यावी. त्यात महिने जातात.

– एक माजी सैनिक, चिपळूण