पम्यास पत्र: एनसी, चार्जशीट आणि इथले निवडून येणारे जज

मॅडिसन, विस्कॉन्सिन

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू हसत विचारलंस की तिकडं जज म्हणे सरपंचासारखे निवडून येतात, आणि मी 'हो रे' म्हणून विषय बदलला कारण पोरीला क्लासला सोडायचं होतं, पण वीस वर्षं वकिली करत कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला एवढ्यावर कटवणं बरं नाही म्हणून हे लिहायला बसलो. ऑफिसात आज काम नाहीये तसं पण.

तर हो, खरंय. इथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे सातही जज लोक निवडून देतात, टर्म १० वर्षांची, मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं पण कोण कुणाचा हे शेंबड्या पोराला पण माहीत असतं. मी व्हिसावर, मला मत नाही, पण टीव्हीवरच्या जाहिराती व्हिसा विचारत नाहीत. २०२५ ला एका खुर्चीसाठी सगळ्यांचा मिळून खर्च १० कोटी डॉलरच्या आसपास गेला, इलॉन मस्क ग्रीन बेला येऊन स्टेजवर दोघांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक देऊन गेला, आणि एवढं करून त्याचा माणूस पडला!! तुमच्या वकिलांच्या बार असोसिएशनच्या निवडणुकीतल्या पार्ट्या मला आता एकदम सात्त्विक वाटायला लागल्यात.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. माझा शेजारी, रिटायर्ड म्हातारा, पक्का रिपब्लिकन, माणूस सोन्यासारखा, बर्फ पडला की आधी माझ्या दारातला काढतो. त्याचं रोजचं पालुपद, पेपरवाले एका बाजूचे, आमच्या जजवर तक्रार झाली की पहिलं पान आणि त्यांच्या जजवर झाली की आतल्या पानात चार ओळी. आणि ऑफिसातली एक बाई अगदी हेच म्हणते, फक्त उलट्या बाजूनं. मग मीच एकदा जुन्या बातम्या उकरत बसलो.

२००८ ची गोष्ट. लुई बटलर हा या कोर्टावरचा पहिला कृष्णवर्णीय जज, गव्हर्नरनं नेमलेला. त्याच्या विरुद्ध रिपब्लिकनांच्या बाजूचा मायकल गेबलमन. गेबलमनच्या प्रचारात टीव्हीवर जाहिरात आली, अर्थ असा की बटलरनं वकील असताना एका बलात्काऱ्यासाठी कायद्यात पळवाट शोधली आणि त्या माणसानं पुढं अजून एका मुलीवर अत्याचार केला. आता यात मेख बघ. बटलर तेव्हा लीगल एडचा, म्हणजे गरीब आरोपींना सरकार देतं तसला वकील होता, तू सुद्धा असल्या केसेस घेतल्यास. त्यानं मुद्दा काढला, कोर्टानं चूक मान्य पण केली, पण म्हणलं या चुकीनं निकालात फरक पडत नाही, शिक्षा कायम! तो माणूस तुरुंगात राहिला आणि दुसरा गुन्हा केला तो बाहेर आल्यावर. म्हणजे वाक्यं सुटी सुटी खरी आणि एकापुढं एक लावली की थाप. नरो वा कुंजरो वा. बटलर पडला, १९६७ नंतर खुर्चीवरचा जज पहिल्यांदा पडला.

निवडणुकीनंतर ज्युडिशियल कमिशननं, म्हणजे जजांवरच्या तक्रारी बघणाऱ्या इथल्या मंडळानं, स्वतः चौकशी करून गेबलमनविरुद्ध केस घातली. तीन जजांचं पॅनेल म्हणलं सोडून द्या, मग २०१० ला प्रकरण सुप्रीम कोर्टात, त्याच्याच सहकाऱ्यांसमोर, आणि निकाल ३-३! तिघं म्हणाले एकेक वाक्य खरं आहे तर खोटं कुठाय, तिघं म्हणाले एकत्र वाच की. शिक्षा काही झाली नाही, बाबा १० वर्षं पूर्ण करून घरी गेला.

आता २०२३. याच कोर्टाची उमेदवार, डेमोक्रॅट्सच्या बाजूची जॅनेट प्रोटासिविच प्रचारात म्हणाली की राज्यातल्या मतदारसंघांचे नकाशे 'रिग्ड', म्हणजे मुद्दाम एका बाजूला झुकवलेले आहेत. मला ते बिलकुल आवडलं नाही, जी केस उद्या तुझ्यासमोर यायचीय (आणि आलीच) तिच्यावर आजच कसं बोलतेस बाई? पण २००२ लाच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ५-४ नं सांगून ठेवलंय की उमेदवाराला वादाच्या प्रश्नावर मत सांगायला बंदी करता येणार नाही. रिपब्लिकनांनी जानेवारीत कमिशनकडं तक्रार केली आणि लगेच बातम्या. एप्रिलला ती निवडून आली. मे अखेर कमिशननं तक्रारी फेटाळल्या, पण हे कुणाला कळलंच नाही, कारण कमिशनचं कामकाज गोपनीय! तिच्यावर महाभियोगाची भाषा सुरू झाली तेव्हा सप्टेंबरला तिनंच कमिशनचं ते पत्र पत्रकारांना दिलं.

कळलं का तुला? २००८ ची होती चार्जशीट आणि २०२३ ची होती एनसी, म्हणजे पोलिसांनी नुसती नोंदवून घेतलेली अदखलपात्र तक्रार, नाही, एनसी पण नाही, कुणीतरी येऊन टेबलावर ठेवून गेलेला अर्ज. पेपरात दोन्हीला शब्द एकच, तक्रार. अर्ज टाकणारा फोटो काढून प्रेसनोट पाठवू शकतो आणि कमिशनला स्वतः केस घालेपर्यंत तोंड उघडता येत नाही, मग कुठला पार्टीवाला अर्ज टाकणार नाही? मला तर आता वाटतं की अर्ज कमिशनसाठी नसतोच, हेडलाइनसाठी असतो. पत्रकार विकले गेलेत असं मला नाही वाटत. दाखल झालं ही बातमी फुकट मिळते, पुढं काय झालं ते सहा महिन्यांनी कोण विचारतंय.

हे सगळं मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग गेबलमनची बातमी एवढी मोठी का आली होती? म्हणलं कारण ती चार्जशीट होती. तो म्हणला, बघ, तू पण पेपर वाचायला लागलास.

असो. तू एक सांग, त्या जाहिरातीच्या केसमधे तू कुठल्या तिघांबरोबर बसला असतास? फोनवर नको, लिहून पाठव, फोनवर तू उलटतपासणी घेतोस. वहिनींना सांग मेतकूट संपलंय. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते पण कळव.

तुझा,
नंद्या