सलिलच्या पदवीबद्दल

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

सलिलनं इंजिनिअरिंग मध्येच सोडलं आणि आता सीएच्या ऑफिसातलं काम सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करायचं म्हणतोय. बाबा, ही पदवी पुढे चालेल का, असं तुम्ही विचारलंत. चालते. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी यूजीसीच्या नियमांनुसार नेहमीच्या पदवीच्याच बरोबरीची असते. बँकेच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला किंवा यूपीएससीला पदवी लागते, ती सलग तीन वर्षांत मिळाली की वळणं घेत, हे कोणी बघत नाही. वय बघतात. खुल्या गटाला पीओसाठी 30 आणि यूपीएससीसाठी 32 ही मर्यादा आहे. सलिल 22 चा आहे, म्हणजे वेळ आहे. सीए करायचं मनात असेल तर बी.कॉम.ला 55 टक्के मिळवले की फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. म्हणून त्याला नुसतं पास हो म्हणू नका, 55 चा आकडा त्याच्या टेबलासमोर लावा.

इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरांचं काय? इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. गणित आणि मेकॅनिक्सचे क्रेडिट बी.कॉम.मध्ये धरले जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. समकक्षता विद्यापीठ ठरवतं, आणि विषयच जुळत नाहीत. पण 2021-22 पासूनच्या अभ्यासाचे क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिट साठवायच्या डिजिटल खात्यात, जास्तीत जास्त 7 वर्षं राहू शकतात. उद्या बीसीए किंवा बी.एस्सी.कडे वळला तर त्यांचा विचार होऊ शकतो. त्यासाठी आरजीपीव्हीनं, म्हणजे त्याच्या जुन्या विद्यापीठानं, ते त्याच्या खात्यात चढवलेले असले पाहिजेत. एटीकेटी राहिलेल्या विषयांचे क्रेडिट मिळत नाहीत, फक्त सुटलेल्यांचे मिळतात. डिजीलॉकरमध्ये उघडून ते एकदा बघायला सांगा.

खरी अडचण येते ती नावात, आणि आपल्यासारख्या इंदूरच्या मराठी घरांत ती हमखास येते. आधारवर सलिलच्या नावामध्ये बाबांचं नाव आहे. एमपी बोर्डाच्या दहावीच्या अंकसूचीवर मात्र नाव आणि आडनाव एवढंच, वडिलांचं नाव खालच्या ओळीत. दूरशिक्षणाच्या प्रवेशाची साखळी अशी आहे: आधार, त्यावरून डिजीलॉकरमधला 12 आकडी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), त्यावरून यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) पोर्टलवर डीईबी आयडी, आणि मग इग्नूचा अर्ज. पहिल्या कडीत नाव वेगळं असेल तर पुढे कुठेतरी गाडी अडते, आणि ती नेमकी शेवटच्या तारखेच्या आठवड्यात अडते. अंकसूची बदलणं फार कटकटीचं, म्हणून आधार अंकसूचीसारखं करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवून मगच अर्ज द्या.

जुन्या कॉलेजातून टीसी, मायग्रेशन (विद्यापीठ बदलण्याचा दाखला) आणि दहावी-बारावीच्या मूळ अंकसूच्या आत्ताच काढून आणा. इग्नूला त्यातलं काही लागो न लागो, उद्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या कॉलेजात नियमित प्रवेश घ्यावासा वाटला तर तिथे ते मागतील. मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेनं मनाई आहे. "फी बाकी आहे" असं म्हणाले तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी भांडू नका. मधल्या काळासाठी नोटरीकडून गॅपचं शपथपत्र करावं लागेल. त्यात अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत नोकरी केली, हे खरं तेवढंच लिहा. आजारपण वगैरे कारण घालू नका. पुढे कोणी पगाराची नोंद तपासली तर ते उघडं पडतं. आधी कुठे प्रवेश घेतला होता का, असं अर्जात विचारलं तर उत्तर 'हो' असंच भरायचं.

एक गोष्ट मी पाया पडून सांगते. "एका वर्षात तीन वर्षांची डिग्री" अशा जाहिरातींचा नंबर कोणी मावशी-काकांनी पाठवला तरी फोन करू नका. पडताळणीत अशी पदवी बाद होते, आणि नोकरी लागल्यावर बाद झाली तर नोकरीही जाते. कुठल्याही विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी डीईबीच्या यादीत आहे का ते बघायचं. नुसतं विद्यापीठाचं नाव असणं पुरत नाही.

इग्नूत मुलं कुठे अडकतात तेही सांगते. बी.कॉम.ला कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं असतात. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला. साधारणपणे परीक्षेला 70 टक्के आणि असाइनमेंटला 30 टक्के वजन असतं, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपर चांगला जाऊनही असाइनमेंट दिली नाही म्हणून निकाल अपुरा राहिलेली मुलं दरवर्षी भेटतात. आई, त्याला अभ्यास कर, अभ्यास कर म्हणू नकोस, असाइनमेंट जमा केल्याची पावती दाखव म्हण. मार्च अखेर आणि जुलैत रिटर्नच्या दिवसांत त्याला सीएच्या ऑफिसातून डोकं वर काढता येणार नाही, म्हणून जूनच्या परीक्षेची असाइनमेंट फेब्रुवारीतच संपवायची.

बाबा, बुधवारी आधार केंद्रावर सलिलबरोबर तुम्ही जा, दहावीची मूळ अंकसूची घेऊन. शपथपत्राचा मसुदा मी उद्या पाठवते. त्यातल्या तारखा त्याच्या नेमणुकीच्या पत्राशी जुळवून घ्या आणि मगच नोटरीकडे न्या.

तुमची,
सई
वडोदरा